घरात सापडलेली जुनी सुरी कुठली आणि कशासाठीची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावचं घर उतरवताना, वाटण्या होताना किंवा माळा साफ करताना एखादं गंजकं पातं हाती लागतं. मूठ सैल झालेली, म्यान असलंच तर उसवलेलं, आणि सांगणारं माणूस हयात नाही. अशा वेळी बहुतेक जण आधी "ही कुठली?" असं विचारतात आणि तिथेच अडकतात. माझं सांगणं असं, की आधी तिचं काम शोधा. काम कळलं की ते करणारी माणसं कळतात आणि माणसं कळली की मुलूख जवळ येतो. पुढची उत्तरं त्याच वाटेने लिहिली आहेत.

पातं गंजलंय. आधी घासून स्वच्छ करू का?

कृपया नको. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. कोणी चिंच लावतं, कोणी लिंबू चोळतं, कोणी थेट ग्राइंडरवाल्याकडे नेतं. दहा मिनिटांत पातं चकचकीत होतं आणि त्यावर वाचण्यासारखं काही उरत नाही. लोखंडाला पोलाद जोडल्याची रेघ, ठिपक्यांनी ठोकलेली अक्षरं, पोलादातली नक्षी, सगळं पात्याच्या वरच्या पापुद्र्यातच असतं.

कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसा. भुरभुरणारा तांबडा गंज असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-चार थेंब टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी सुती कापडाने टिपून घ्या. काळपट-तपकिरी, घट्ट बसलेला थर तसाच राहू द्या, तो पात्याला जपतो. खोबरेल लावू नका, काही महिन्यांनी त्याचा चिकट थर होतो आणि त्यावर धूळ बसते. म्यानात अडकलेलं पातं जोर लावून ओढू नका.

मुठीवर किंवा पात्याच्या मुळाशी हळदकुंकवाचे जुने थर असतील तर पुसण्याआधी फोटो काढा. खंडेनवमीला ती वस्तू पूजेत मांडली जात होती, एवढं त्यावरून कळतं. शस्त्र असल्याचा तो पुरावा मात्र नाही. त्या दिवशी आपल्याकडे तलवारीइतकाच मान कोयत्याला, चांभाराच्या रापीला आणि वस्तऱ्यालाही असतो.

हे शस्त्र आहे की अवजार, कसं ओळखायचं?

झीज बघा. आकार फसवतो, झीज सहसा फसवत नाही.

रोज वापरलेल्या अवजाराची धार सरळ राहत नाही. जिथे घाव पडतात तिथे ती सारखी घासावी लागते, त्यामुळे पातं मध्येच पोट खपाटीला गेल्यासारखं अरुंद होतं. मुळाशी, मुठीला लागून, बोटभर भाग मात्र मूळ रुंदीचा राहतो, कारण तिथे सहाण पोचत नाही. त्या बोटभर भागावरून पातं नवं असताना केवढं होतं याचा अंदाज येतो. मूठ एका बाजूने जास्त गुळगुळीत असते, अंगठ्याच्या जागी खळगा पडलेला असतो. तो खळगा कुठल्या बाजूला आहे यावरून वापरणारा डावखुरा होता का, हेही कधी कधी सांगता येतं.

मग पाठ बघा. कोकणातल्या एका घरातलं पातं "तलवारीचा तुकडा" म्हणून जपलेलं होतं. पाठ हातोड्याने चेचल्यासारखी पसरलेली, कडा दोन्हीकडे बाहेर आलेल्या, आणि हे सगळं टोकाकडच्या अर्ध्या भागातच. हे पातं लाकडावर ठेवून वरून दांडक्याने ठोकत असत. सरपण किंवा बांबू फोडायची ती रीत आहे. मुठीवरची शेंबी, म्हणजे मुठीला आवळणारं कडं, पितळी नळीची कापून बसवलेली होती आणि मूठ एकदा तरी बदललेली. एखाद्या कष्टकरी घराने पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली वस्तू होती ती, आणि माझ्या लेखी तिचं मोल तलवारीच्या तुकड्याहून तसूभरही कमी नाही.

शस्त्राचं उलटं असतं. धार फारशी झिजलेली नसते, पातं टोकाकडे बारीक होत जातं, बऱ्याचदा दोन्हीकडे धार असते आणि मधोमध कणा उठवलेला असतो. टोक जाड आणि कठीण ठेवलेलं असेल तर ते भोसकण्यासाठी, चिलखताच्या कड्या फोडण्यासाठी. भाजी किंवा दोर कापणाऱ्या सुरीला असं टोक कोणी देत नाही, त्यात मेहनत फार आणि उपयोग शून्य.

आकारावरून काम ओळखता येतं का?

बऱ्याच अंशी. सगळ्यात जास्त गोंधळ घालणारी वस्तू म्हणजे पाटापासून सुटलेलं विळीचं पातं. लोकांना ते परदेशी खंजीर वाटतं, कारण वाक विचित्र असतो आणि मूठ नसते. धार आतल्या बाजूला, म्हणजे बसून चिरणाऱ्या बाईकडे तोंड करून असते. खालचा भाग पाटाच्या खाचेत बसेल असा चपटा केलेला असतो आणि शेंड्याला गोल दातेरी खवणी, किंवा ती तुटल्याची खूण असते. ही खूण दिसली की शोध संपला.

पुढे आकड्यासारखं वळलेलं, जड पातं म्हणजे कोयता. कोकणात तो कमरेच्या आकडीत अडकवून माडावर चढतात, म्हणून तिकडच्या जुन्या कोयत्यांच्या पात्यावर आकडीला घासून पडलेले आडवे चरे दिसतात. ऊसतोडीचा कोयता वेगळा असतो, त्याला फांदी ओढायच्या आकड्याची गरज नसते. गोव्यात माडाची सूर, म्हणजे माडी, काढणाऱ्या रेंदेराची काती रुंद, पातळ आणि अतिशय धारदार, कारण तिने पोयीची, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याची, अगदी बारीक चकती काढायची असते. तिथे जाड पातं चालतच नाही.

रुंद, जवळजवळ पंख्यासारखी धार आणि आखूड मूठ असेल तर ती चांभाराची रापी. चौकोनी, जड आणि सरळ धारेचा तो खाटकाचा सत्तूर. दातेरी धारेचा तो कापणीचा विळा, मात्र जुन्या विळ्याचे दाते झिजून दिसेनासे झालेले असतात. धारेवरून नख हळूच आडवं न्या, दाते असतील तर जाणवतील.

घरात सांगतात की हा पणजोबांचा लढाईतला बिचवा आहे. खरं मानावं का?

ती गोष्ट लिहून ठेवा, कोणी कोणाकडून ऐकली हेही लिहा, आणि मग वस्तू वेगळी तपासा. दोन्ही जुळले तर आनंद आहे.

बिचव्याचं पातं आखूड, दुहेरी वळणाचं, विंचवाच्या नांगीसारखं असतं, आणि मूठ बहुधा कडीसारखी, बोटं आत जातील अशी. दोन्हीकडे धार आणि मधे उठलेला कणा असतो. एका बाजूला वाकलेलं, एकधारी पातं असेल तर तो बिचवा नव्हे.

गोष्ट आणि वस्तू यांचं नातं किती नाजूक असतं याचं मोठं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १० नोव्हेंबर १६५९ ची प्रतापगडची भेट आणि त्यातली वाघनखं मराठी माणसाला सांगायला नकोत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मुदतीवर आणली गेली. त्यांच्या पेटीवर मजकूर आहे, की ही शिवाजी महाराजांची असून साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी, असलेल्या जेम्स ग्रँट डफला पेशव्यांच्या पंतप्रधानाने दिली. तरीही प्रतापगडावर वापरलेली ती हीच का, याची खातरजमा करता येत नाही, असं लंडनचं संग्रहालयच सांगतं. पेटीवर स्पष्ट लिहिलेलं असून ही काळजी घेतली जाते. आपल्या घरच्या वस्तूबाबत निदान तेवढी घ्यावी.

कट्यारीचं पातं परदेशी आहे असं एकाने सांगितलं. हे शक्य आहे?

अगदी शक्य आहे, आणि तसं निघालं म्हणून नाराज होऊ नका. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपातून तलवारीची पाती मोठ्या प्रमाणात दख्खनमध्ये येत. त्यांना आपल्याकडे फिरंग म्हणत. असं पातं मोडलं की त्याचा चांगला तुकडा कट्यारीला बसवत. ओळखायचं कसं? पात्यावर एक किंवा अनेक सरळ, समांतर खोबणी असतात आणि त्या टोकाकडे अचानक संपतात किंवा कापल्या जातात. मुळात कट्यारीसाठी घडवलेल्या पात्यात खोबण पात्याच्या आकाराबरोबर निमुळती होत जाते. मुळाशी दोन्हीकडून पट्ट्या रिव्हेटने जोडलेल्या असतील तर तुकडा बसवल्याचा संशय पक्का होतो. तंजावरकडच्या कट्यारींमध्ये अशी परदेशी पाती पुष्कळ दिसतात.

लग्नात नवरदेवाच्या हाती, टोकाला लिंबू लावून द्यायची कट्यार हा वेगळा प्रकार आहे. ती मिरवण्यासाठीची असते. पातं पातळ, सारख्या जाडीचं, धार न लावलेली आणि म्यानावर मखमल. अशा अनेक कट्यारी गेल्या शतकातल्या आहेत. घराण्यातल्या किती लग्नांत ती फिरली हे जुन्या फोटोंवरून काढता येतं आणि तोही इतिहासच आहे.

किती जुनी आहे हे लोखंडावरून कळतं का?

साल कळत नाही, पण कशाच्या आधीची किंवा नंतरची हे बऱ्यापैकी कळतं.

जुनं भट्टीचं लोखंड गंजलं की त्यात लांब लांब धागे दिसतात, कुजत चाललेल्या लाकडात दिसतात तसे. कारखान्यातल्या पोलादाचा गंज असा धाग्यांनी सुटत नाही, त्यावर सगळीकडे बारीक खड्डे पडतात. जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यात पोलाद निघायला १९१२ मध्ये सुरुवात झाली, त्याआधी विलायती लोखंडही बाजारात होतंच. त्यामुळे धागे दिसले तर पातं जुन्या लोखंडाचं, इतकंच ठामपणे म्हणता येतं. घडण नंतरचीही असू शकते, कारण जुनं लोखंड लोहार पुन्हा पुन्हा वापरतात.

पोलाद महाग होतं तेव्हा सबंध पातं पोलादाचं करत नसत. अंग मऊ लोखंडाचं आणि फक्त धारेला पोलादाची पट्टी, भट्टीत तापवून ठोकून एकजीव केलेली. धारेपासून थोड्या अंतरावर, तिला समांतर जाणारी अस्पष्ट रेघ तिरप्या उजेडात शोधा. ती हाताच्या कामाची फार सुंदर खूण आहे.

सबंध पातं एकसारखं जाड आणि लवचिक असेल तर ते गाडीच्या कमानपट्ट्याचं असण्याची शक्यता दाट. मग ते मोटारी आल्यानंतरचं, म्हणजे विसाव्या शतकातलं. पात्यावर कुठे तरी बारीक तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी शिल्लक असेल तर लोहाराने जुनी कानस ठोकून सुरी केली आहे. मुठीत चौफुली खाचेचा स्क्रू असेल तर तो १९३० च्या दशकाच्या आधीचा नाही. मूठ मागाहून बदललेली असू शकते, म्हणून स्क्रूवरून पात्याचं वय ठरवू नका.

पात्यावर पाण्यासारख्या लाटा दिसतात. हे दमास्कस का?

दमास्कस म्हणजे लाटांच्या नक्षीसाठी नावाजलेलं पोलाद. इथे तीन शक्यता आहेत. पहिली, खरं मुशीतलं, म्हणजे मुशीत वितळवून केलेलं पोलाद, ज्यासाठी दख्खन जगभर नावाजलेलं होतं. तेलंगणातलं कोनसमुद्रम हे त्याच्या मोठ्या केंद्रांपैकी एक. त्याची नक्षी अगदी बारीक, अनियमित असते आणि पात्याच्या आरपार गेलेली असते. दुसरी, वेगवेगळ्या पोलादांचे थर एकत्र ठोकलेलं पातं. त्याच्या लाटा ठसठशीत आणि बऱ्याच नियमित असतात. आज ऑनलाइन "दमास्कस" म्हणून विकलं जातं ते बहुतेक हेच. तिसरी, साध्या पोलादावर आम्लाने काढलेली नक्षी. ती झिजलेल्या धारेजवळ आणि ओरखड्यात तुटते, कारण खाली काहीच नसतं. भिंगातून ओरखड्याचा तळ बघा, तिथे लाटा चालू राहिल्या तर त्या पोलादातल्याच आहेत.

मुठीवरच्या सोन्याचांदीच्या कामालाही हीच कसोटी लावा. जुन्या कोफ्तगिरीत लोखंडावर आधी उभ्या-आडव्या बारीक रेघा ओरबाडत आणि त्यावर तार ठोकून बसवत. सोनं गेलं तरी त्या रेघा राहतात. मुलामा निघाला तर खाली गुळगुळीत धातू दिसतो.

पात्यावर आकडे किंवा अक्षरं आहेत. काय अर्थ?

आधी कुठला शक ते ठरवा. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, विक्रम संवतातून ५७ वजा करावे लागतात. शिवराज्याभिषेक शक १६७४ पासून मोजतात. अक्षरं देवनागरी वाटूनही लागत नसतील तर ती मोडी असू शकतात. मोडी वाचणारी माणसं आपल्याकडे आजही आहेत, फोटो त्यांना दाखवा.

ठिपक्यांनी ठोकलेली अक्षरं आणि आकडे ही बहुधा शस्त्रागाराची नोंद असते. ती घडवणाऱ्याची सही समजू नका. १६८९ मध्ये अदोनीच्या वेढ्यानंतर बिकानेरच्या महाराजांनी दख्खनची शस्त्रं नेली आणि त्यांवर तिथल्या शस्त्रागाराच्या ठिपक्यांच्या नोंदी आहेत. वस्तू दख्खनी, अक्षरं राजस्थानी, आणि दोन्ही अस्सल.

इंग्रजी अक्षरांत शेफील्ड (इंग्लंडमधलं) किंवा झोलिंगेन (जर्मनीतलं) या गावाचं नाव असेल तर पातं विलायती कारखान्याचं, मूठ इथली असली तरी. सोबत देशाचं नावही कोरलेलं असेल तर ते बहुधा १८९० च्या आसपासचं किंवा नंतरचं, कारण तेव्हाच्या व्यापारी कायद्यांनी देशाचं नाव घालण्याची रीत पडली. वर टोक केलेला रुंद बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण आहे.

मूठ हस्तिदंती आहे का?

मुठीच्या कापलेल्या टोकाकडे बघा. हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी दिसते. हाडात बारीक काळे ठिपके किंवा चिरा असतात. दोन्ही नसेल आणि साच्याची शिवण दिसत असेल तर प्लास्टिक. तापलेली सुई टोचून बघायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, खूण कायमची राहते. हस्तिदंत आणि सांबरशिंग यांच्या विक्रीला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आड येतो, हे आधीच लक्षात ठेवा.

ही सुरी महाराष्ट्रातली वाटत नाही. मग आमच्या घरी कशी?

आपली माणसं जिथे गेली तिथल्या वस्तू घरी आल्या. मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढल्या. कोकणातले खलाशी आखाती आणि आफ्रिकी बंदरांत जात-येत. कोणी बेळगाव-कुर्गकडे नोकरीला होतं, कोणी बडोद्याला. घरातल्या माणसाची नोकरी काढा, सुरीची अर्धी वाट तिथेच मिळते.

पातं पुढे झुकलेलं आणि मुळाशी छोटी खाच असेल तर ती नेपाळी खुकरी. तिच्या म्यानात दोन चिमुकल्या सुऱ्याही असतात, एक बोथट आणि एक धारदार. पातं रुंद, दुधारी, वाकलेलं आणि म्यान जवळजवळ काटकोनात वळलेलं, चांदीच्या तारकामाचं असेल तर ओमानी खंजीर. आखूड, रुंद पातं, चांदीने मढवलेलं म्यान आणि साखळीला लटकणारी कान कोरण्यासारखी छोटी हत्यारं असतील तर कुर्गची पीचेकत्ती. पात्याच्या मुळाशी हत्तीचं पितळी डोकं असेल तर कच्छचा भुज. पाठ इंग्रजी टी अक्षरासारखी रुंद आणि टोक सुईसारखं बारीक असेल तर पेशकब्ज. तो इराण-अफगाणिस्तानापासून दख्खनपर्यंत वापरात होता, त्यामुळे नुसत्या आकारावरून गाव सांगता येणार नाही. तिथे मुठीचं काम पाहावं लागतं.

घडवणारा कोण होता हे कळेल का?

नाव क्वचितच कळतं, घराणं किंवा जमात कधी कधी. गावातला लोहार, गाडीवर संसार घेऊन फिरणारा घिसाडी, धार आणि झिलई देणारा शिकलगार, या तिघांच्या हातून आपली बहुतेक पाती गेलेली आहेत. त्यांनी सही केली नाही आणि कोणी त्यांना विचारलंही नाही, याची मला खरोखर खंत वाटते. म्हणून माझी विनंती आहे, पातं घेऊन त्याच भागातल्या एखाद्या म्हाताऱ्या लोहाराकडे जा. तो वजन घेईल, टिचकी मारून आवाज ऐकेल, पाणी धारेपुरतंच दिलंय की सबंध पात्याला ते बघेल. "हा घाट आमच्याकडचा नाही, घाटावरचा आहे" असं तो सहज बोलून जातो. ते वाक्य त्याच्या नावासकट लिहून ठेवा.

घरी ठेवायला परवाना लागतो का? परदेशातल्या मुलाकडे पाठवता येईल?

शेतीची आणि घरकामाची अवजारं शस्त्र नियमांच्या यादीत येत नाहीत. इतर पात्यांसाठी ९ इंचांहून अधिक लांबी किंवा २ इंचांहून अधिक रुंदी ही मर्यादा आहे. तुमच्या जिल्ह्यात काय लागू आहे ते पोलीस ठाण्यात विचारा. जमावबंदीसारखे आदेश असताना कुठलंही हत्यार घेऊन बाहेर पडू नका.

शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू किंवा ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ती खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही, मग ती आजोबांची का असेना. वस्तू तेवढी जुनी नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला घेऊन पाठवा. शेत नांगरताना किंवा पाया खणताना जमिनीत सापडली असेल तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होऊ शकतो, जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. किल्ल्यावर सापडलेली वस्तू उचलून घरी आणू नका. ती कुठे, किती खोल, कशाशेजारी होती यातच तिची अर्धी माहिती असते.

किंमत किती येईल?

फोटोवरून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बहुतेक घरगुती पात्यांना बाजारात फारसा भाव नाही.

कोणाला दाखवू आणि काय पाठवू?

घरगुती वस्तूंसाठी पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आधी स्वतः जाऊन बघा. तिथले अडकित्ते आणि स्वयंपाकघरातल्या वस्तू पाहिल्या की आपल्या हातातलं पातं ओळखीचं वाटू लागतं. शस्त्रांसाठी मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि नागपूरचा अजब बंगला, म्हणजे तिथलं मध्यवर्ती संग्रहालय. तज्ज्ञाला लिहिताना दोन्ही बाजूंचे सबंध फोटो, पाठीचा वरून घेतलेला फोटो, मुठीचं टोक, पातं मुठीत शिरतं तो भाग आणि प्रत्येक खूण जवळून, असं सगळं पाठवा. शेजारी मोजपट्टी ठेवा. खिडकीजवळ, उजेड एका बाजूने तिरपा पडेल असं धरून फोटो काढा, फ्लॅश बंद ठेवा. लांबी, मुळाशी आणि टोकाजवळ पाठीची जाडी, वजन, आणि वस्तू कुठल्या गावच्या कुठल्या घरात सापडली, तिथे कोण राहत होतं, काय कामधंदा करत होतं, हे चार ओळींत लिहा. एवढं हाती असलं की जाणकाराला उत्तर देता येतं.